आधी गाडी, मग बोट: न्यूझीलंडमध्ये दोघांनी महिनाभर कसं फिरावं

क्राइस्टचर्चच्या बाहेर पहिल्याच राउंडअबाउटला आमच्या मोटरहोमचा, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीचा, वरचा खण उघडला आणि किलोभर मूगडाळ गाडीभर सांडली. पुढचे बारा दिवस ती सापडत राहिली: गादीखाली, चपलांत, एकदा तर टूथब्रशच्या कपात. खणाची कळ दाबून बंद करण्याचं काम कुणाचं, यावरून त्या दिवशी आमचं जे काही झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आम्ही दोघांनी साउथ आयलंडमध्ये बारा रात्री मोटरहोममध्ये काढल्या आणि मग ऑकलंडहून सिडनीपर्यंत अकरा रात्रींचं क्रूझ केलं. परत आल्यावर ओळखीतल्या तीन जोडप्यांनी "सगळं नीट लिहून दे" म्हणून मागे लागून हा लेख लिहून घेतला. त्यात फोटोबिटो नाहीत. काय आधी करायचं, कशावर पैसे घालायचे आणि कुठे वाचवायचे, एवढंच आहे. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: गाडीत प्रत्येक काम दोघांपैकी कुणाचं तरी असतं आणि बोटीवर कुठलंच काम कुणाचं नसतं. जोडप्याला या दोन्हीची वेगवेगळी तयारी लागते.

आधी गाडीच का

बरेच टूरवाले उलट सुचवतात: आधी क्रूझवर आराम, मग गाडी. माझं मत स्पष्ट आहे, आधी गाडी. गाडी अंग मोडते. पाणी भरा, सांडपाणी सोडा, स्वयंपाक करा, रोज नवीन जागी गाडी लावा. हे अंगात ताकद असताना करावं. बारा दिवसांनी कुणीतरी ताट समोर आणून ठेवतं तेव्हा त्या बोटीची खरी किंमत कळते. शिवाय ऑकलंड ते सिडनी असं एका दिशेचं क्रूझ घेतलं की परतीचा प्रवास सिडनीहून होतो, त्याच वाटेने मागे यावं लागत नाही.

काळ निवडताना फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चअखेर बघा. तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, क्रूझचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. पण नाताळपासून जानेवारी संपेपर्यंत तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि सगळा देश तंबू घेऊन बाहेर पडलेला असतो. त्या दिवसांत गाडीचं भाडं दुप्पट-तिप्पट होतं आणि चांगल्या जागा महिनोन् महिने आधी भरतात.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: प्रथम क्रूझ, कारण त्याची तारीख आपल्या हातात नसते. मग त्या तारखेपासून मागे मोजत गाडी, आणि शेवटी विमान. गाडी परत दिल्यावर बोट सुटेपर्यंत किमान दोन रात्री मोकळ्या सोडा. दरड कोसळून घाट बंद झाला तर हे दोन दिवस उपयोगी पडतात.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर न्यूझीलंडचा व्हिजिटर व्हिसा आधी काढावा लागतो. त्याच्यासोबत इंटरनॅशनल व्हिजिटर लेव्ही भरावी लागते. ऑक्टोबर २०२४ पासून ती १०० न्यूझीलंड डॉलर झाली, म्हणजे माणशी साधारण पाच हजार रुपये. ऑस्ट्रेलियाचा व्हिसाही घरूनच काढायचा, कारण तो नसेल तर ऑकलंडच्या धक्क्यावर बोटीत चढूच देत नाहीत. सिडनीहून निघून सिडनीलाच परत येणारं क्रूझ घेत असाल तर ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा. मधे न्यूझीलंडला गेलात की तुम्ही ऑस्ट्रेलियातून बाहेर पडलेले असता. इथे फसलेलं एक जोडपं आम्हाला भेटलं होतं.

लायसन्सचं सोपं आहे. महाराष्ट्रातलं स्मार्टकार्ड लायसन्स इंग्रजीत असतं आणि कायद्याला तेवढं पुरतं. तरी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवा. फॉर्म ४ए, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. काउंटरवरचा माणूस नवखा असला की हे पुस्तक दाखवून वाद मिटतो. आणि ते दोघांच्याही नावाने काढा. एकट्याने बारा दिवस गाडी हाकणं ही शिक्षा आहे, आणि शेजारी बसून बारा दिवस ब्रेक दाबत राहणं ही त्याहून मोठी.

ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना दोन शब्द शोधा: 'क्रूझ' आणि 'मेडिकल इव्हॅक्युएशन'. साध्या पॉलिसीत बोटीवरचं आजारपण धरतातच असं नाही, आणि बोटीवरच्या डॉक्टरचं बिल मुंबईतल्या कुठल्याही डॉक्टरच्या बिलापेक्षा मोठं असतं.

गाडी कशी निवडायची

दोघांसाठी 'टू बर्थ' पुरते असं कागदावर दिसतं. माझा सल्ला: उंची पाच फूट आठच्या वर असेल किंवा रात्री एकजण दोनदा उठत असेल, तर चार जणांची गाडी दोघांत घ्या. कारण एकच. टू बर्थमध्ये बहुधा बसायच्या बाकाचाच रोज पलंग करावा लागतो. उशा, गाद्या, फळ्या यांचं कोडं रोज रात्री जमवायचं आणि सकाळी मोडायचं. मोठ्या गाडीत मागचा पलंग कायमचा घालून ठेवता येतो आणि पुढचं टेबल चहाला मोकळं राहतं. डिझेल थोडं जास्त जातं, पण भांडणं कमी होतात.

संडास आणि शॉवर गाडीतच हवा. तिथे रस्त्याकडेला, तळ्याकाठी फुकट मुक्काम करता येतो, त्याला फ्रीडम कॅम्पिंग म्हणतात. पण बहुतेक ठिकाणी ते फक्त 'सेल्फ कंटेन्ड' प्रमाणपत्र असलेल्या गाडीलाच चालतं. २०२३ च्या कायद्यानंतर अशा गाडीत संडास पक्का बसवलेला असावा लागतो, खुर्चीखाली सरकवून ठेवलेला चालत नाही. गाडीवर हिरवं प्रमाणपत्र आहे ना ते बघून घ्या. चुकीच्या जागी रात्र काढली तर ४०० डॉलरपासून दंड सुरू होतो.

जाहिरातीतल्या भाड्याबाहेरचे तीन खर्च धरायचेच. पहिला, इन्शुरन्सचा एक्सेस. पूर्ण कव्हर घेतलं नाही तर अपघातात पहिले पाच-साडेसात हजार डॉलर तुमचे, आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात. आम्ही पूर्ण कव्हर घेतलं आणि रात्री झोप लागली. पण पूर्ण कव्हरमध्येही छत, गाडीचं पोट आणि चुकीच्या टाकीत चुकीचं द्रव ओतणं हे बहुधा नसतं. दुसरा, डिझेल गाडीचा रस्ताकर. तिथे डिझेलच्या किमतीत तो धरलेला नसतो, किलोमीटरवर वेगळा भरायचा. १०० किलोमीटरला साधारण आठ डॉलर धरा. तिसरा खर्च, गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचा. आम्ही क्राइस्टचर्चलाच घेतली, तिथेच दिली आणि ऑकलंडला विमानाने गेलो. दीड तासाचंही विमान नाही ते.

खाण्याचं सामान: घरून काय न्यावं

जवळजवळ काहीच नाही. क्राइस्टचर्चमध्ये भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत, डाळ-तांदूळ-कणीक-पोहे सगळं मिळतं. घरून न्यायचं ते कंपनीचं सीलबंद आणि नाव छापलेलं: गोडा मसाला, मेतकूट, एखादं लोणचं. मध अजिबात नाही. पेरता येईल असं बी नाही. दुधाच्या पदार्थांच्या वाटेला जाऊ नका, म्हणजे पेढे-बर्फीला घरीच निरोप द्या.

आणि जे न्याल ते सगळं डिक्लेअर करा. निघण्याआधी न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लेरेशन ऑनलाइन भरायचं असतं, ते फुकट आहे. खाण्याच्या प्रश्नावर 'हो' म्हणा. 'हो' म्हटल्यावर फार तर एखादी पिशवी काढून घेतात. 'नाही' म्हटलं आणि पर्समध्ये विमानातलं विसरलेलं सफरचंद निघालं तर जागेवर ४०० डॉलर दंड. ट्रेकिंगचे बूटही घासून न्या. चिखल दिसला की बाजूला घेतात.

एक छोटा कुकर मात्र जरूर न्या. गाडीतल्या शेगडीवर भात शिजवायला त्याच्यासारखं काही नाही. फोडणीचं मात्र भान ठेवा. धुराचा अलार्म डोक्यावरच असतो आणि मोहरी तडतडली की तोही तडतडतो. छताची खिडकी आधी उघडायची, मग कढई ठेवायची. हळद गाडीच्या ओट्यावर सांडली तर लगेच पुसा. पांढऱ्या प्लास्टिकवरचा पिवळा डाग साफसफाईच्या बिलात दिसतो. शक्य तेव्हा हॉलिडे पार्कच्या, म्हणजे पैसे देऊन गाडी लावायच्या मुक्कामाच्या जागेच्या, सामायिक स्वयंपाकघरात फोडण्या उरका. आमच्या कांदेपोह्यांवर तिथे दोन जर्मन मुलांशी मैत्री झाली.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी

विमानातून उतरून थेट गाडी घेऊ नका. मुंबईहून क्राइस्टचर्चला पोचायला थांबे धरून वीस तास सहज जातात आणि घड्याळ साडेसात तास पुढे गेलेलं असतं. आम्ही दोन रात्री हॉटेलात काढल्या आणि तिसऱ्या सकाळी गाडी घेतली. सकाळीच घ्या. दुपारी उशिरा गेलात तर काउंटर बंद व्हायच्या घाईत सगळं पटापट दाखवतात आणि तुम्ही नुसती मान डोलावता.

दाखवताना एकाने ऐकायचं, दुसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. पाणी कुठून भरायचं, डिझेल कुठून (ही दोन झाकणं शेजारी असू शकतात, नीट बघा), गॅसचा कॉक कुठे, पाण्याचा पंप कुठल्या बटणाने, सांडपाण्याची नळी कशी सोडायची, बाहेरची वायर कुठे लावायची. गाडीची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. तीन मीटरच्या वरची गाडी भूमिगत पार्किंगमध्ये घुसवणारे दरवर्षी असतात, आणि छताला इन्शुरन्स नाही हे वर सांगितलंच. गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा.

मग लांब जाऊ नका. आम्ही पहिल्या दिवशी जेराल्डीनपर्यंतच गेलो, सव्वाशे-दीडशे किलोमीटर. तेवढ्यातच ती डाळ सांडली.

त्यानंतर आम्ही एक सवय लावली, ती जशीच्या तशी उचला. गाडी सुरू करण्यापूर्वी एकजण मोठ्याने यादी म्हणतो आणि दुसरा हात लावून उत्तर देतो. "खण?" "लागले." "छत?" "बंद." "गॅस?" "बंद." "पंप?" "बंद." "वायर?" "काढली." "पायरी?" "आत." ऐकायला बालवाडीसारखं वाटतं. पण वायर लागलेली असताना निघालेली गाडी आम्ही टेकापोच्या कॅम्पवर आमच्या डोळ्यांनी पाहिली.

रस्ता

गाडी डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे. आपल्याला हे वरदान आहे, युरोपियन जोडपी घामाघूम होत असतात. हायवेवर मर्यादा ताशी १०० किलोमीटर, पण साडेतीन टनांवरच्या गाडीला ९०. प्रत्यक्षात वळणं आणि चढ धरून सरासरी साठ-पासष्टच पडते, म्हणून दिवसाला २०० ते २५० किलोमीटरच्या वर योजू नका. मागे चार गाड्या साचल्या की रुंद जागा बघून डावीकडे थांबा आणि त्यांना जाऊ द्या. हॉर्न विसरा.

एकेरी पूल हा तिथला खास प्रकार, विशेषतः वेस्ट कोस्टवर. निळी चौकोनी पाटी आणि तुमच्या दिशेचा मोठा पांढरा बाण असेल तर आधी तुम्ही. लाल कडेची गोल पाटी असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. निळी पाटी असली तरी समोर कुणी पुलावर चढलंय का ते बघूनच चढा.

वारा विसरू नका. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं कपाट. मोकळ्या पठारावर आडवा वारा लागला की ते सरकतं. थांबल्यावर दार उघडताना दोन्ही हातांनी धरा, नाहीतर वारा ते बिजागरीसकट उपटतो.

रोजचं पाणी, रोजची घाण

हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी सविस्तर लिहिते. गाडीत तीन पाणी असतात: स्वच्छ पाण्याची टाकी, बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी आणि संडासाची पेटी. संडासाची पेटी दोघांत दोन ते तीन दिवस पुरते. ती भरली की लाल दिवा लागतो, पण त्याची वाट बघू नका.

रिकामी करायची ती फक्त डंप स्टेशनवर. अशी स्टेशनं बहुतेक गावांत असतात आणि कॅम्परमेट नावाच्या ॲपवर नकाशात दिसतात. हातमोजे घाला. गाडीच्या बाहेरच्या बाजूचं छोटं दार उघडा, कळ दाबून पेटी बाहेर ओढा. तिला बहुधा चाकं आणि दांडा असतो, विमानतळावरच्या बॅगेसारखी ओढत न्यायची. तोटी बाहेर वळवा, झाकण काढून बाजूला ठेवा. आता महत्त्वाचं: पेटी कलंडवताना हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरा. ते दाबलं की आतलं द्रव शांतपणे, एका धारेत उतरतं. दाबलं नाही तर ते डचमळत उसळतं. आमच्यापैकी कोण हे बटण विसरलं ते सांगत नाही, पण त्याने त्या दिवशी ती पँट फेकून दिली. मग पेटीत थोडं पाणी घालून हलवा, ओता, पुन्हा एकदा. शेवटी निळं केमिकल आणि दोन-तीन लिटर पाणी घालून पेटी परत सरकवा.

डंप स्टेशनवर नळ दोन असतात. पेटी धुवायचा वेगळा, प्यायचा वेगळा. प्यायच्या नळावर तशी पाटी असते. पेटी धुवायच्या नळाला स्वच्छ पाण्याची नळी चुकूनही लावू नका. आम्ही कामं वाटूनच घेतली होती: घाणीला हात लावणारा पाण्याला हात लावत नाही. एक दिवसाआड अदलाबदल.

मुक्कामाचं गणित आम्ही असं बसवलं: दोन रात्री साध्या किंवा फुकट जागी, तिसरी हॉलिडे पार्कमध्ये 'पॉवर्ड साइट', म्हणजे विजेची जोडणी असलेली जागा, घेऊन. पॉवर्ड साइटला दोघांचे पन्नास ते ऐंशी डॉलर पडतात. तिथे गरम पाण्याची भरपूर अंघोळ, कपडे धुणं, बॅटऱ्या भरणं. गाडीची घरगुती बॅटरी चालताना भरते आणि दिवे-पंप-फ्रिज चालवते. पण केटल, मायक्रोवेव्ह, हेअर ड्रायर फक्त बाहेरची वायर लावल्यावरच चालतात. हे न कळल्याने आमचा पहिला चहा कपभर पाणी वीस मिनिटं न तापणाऱ्या केटलकडे बघत गेला.

आमचा मार्ग

जेराल्डीन एक रात्र, टेकापो दोन, माउंट कुक एक, वानाका एक, 'ते आनाऊ' या गावी तीन, परतीला पुन्हा वानाका एक, मग हास्टच्या घाटाने फॉक्स ग्लेशियर, होकिटिका आणि आर्थर्स पासवरून क्राइस्टचर्च. क्वीन्सटाउन आम्ही नुसतं ओलांडलं. मोठ्या गाडीला तिथे जागा शोधण्यात दिवस जातो. वानाकाहून क्वीन्सटाउनला क्राउन रेंजचा जवळचा रस्ता आहे, १,०७६ मीटरवरून जाणारा. मोटरहोमला तो नको, क्रॉमवेलवरून जा.

टेकापोला दोन रात्री मुद्दाम. तो सगळा परिसर २०१२ पासून अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र आहे. अमावस्येच्या आसपास जमवा. आपल्याकडे दक्षिणेला क्षितिजापाशी जेमतेम दिसणारा त्रिशंकू तिथे डोक्यावर असतो आणि मृग नक्षत्र चक्क उलटं.

मिलफर्डला, म्हणजे उंच कड्यांमधल्या समुद्राच्या खाडीला, मात्र स्वतःची गाडी नेऊ नका. ते आनाऊहून १२० किलोमीटर, घाट, आणि १९५४ साली खुला झालेला सव्वा किलोमीटरचा उताराचा होमर बोगदा. चालवणाऱ्याला दृश्य दिसत नाही आणि पोचल्यावर पार्किंगची मारामारी. गाडी ते आनाऊच्या पार्कात ठेवा आणि बसने जा. पाऊस पडला तर नशीबवान समजा. तिथे वर्षाला सहा हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे आंबोलीच्या तोडीचा, आणि आंबोलीसारखाच तो आला की कड्याकड्यावरून धबधबे सुटतात. होमर बोगद्यापाशी केआ नावाचे हिरवे डोंगरी पोपट गाड्यांच्या खिडक्यांचं रबर सोलताना दिसतील. त्यांना खायला घालू नका. वेस्ट कोस्टवर चावऱ्या सँडफ्लाय असतात. घरचं कडुनिंबाचं तेल उपयोगी पडलं नाही, तिथल्याच दुकानातलं मलम पडलं.

गाडी परत देताना अर्धा दिवस धरा. टाक्या रिकाम्या, डिझेल भरलेलं, भांडी मोजून जागच्या जागी. त्या दिवशी झाडूतून पन्नासेक ग्रॅम मूगडाळ निघाली.

बोट

ऑकलंडचा क्रूझचा धक्का गावाच्या मध्यात, क्वीन्स व्हार्फला आहे. हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. मोठ्या बॅगा धक्क्यावर काढून घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत खोलीत येतात. औषधं, चष्मे, पासपोर्ट आणि रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.

क्रूझचं भाडं 'माणशी, दोघांत एक खोली' असं लिहिलेलं असतं, म्हणजे जोडप्याला ते सोयीचं. त्यावर बहुधा टिप वेगळी, माणशी दिवसाला सोळा ते वीस अमेरिकन डॉलर. तुमच्या तिकिटात ती धरली आहे का ते आधी विचारा. अकरा रात्री, दोघं, गुणाकार करून बघा.

खोलीचा प्रश्न. बाल्कनीची खोली सगळे सुचवतात. मी म्हणते या मार्गावर खिडकीची घ्या. फियोर्डलँडमध्ये, म्हणजे मिलफर्डसारख्या खाड्यांच्या भागात, तुम्ही तसंही पुढच्या उघड्या डेकवर उभे असणार आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियामधल्या टास्मन समुद्रात बाल्कनीत वाऱ्याने कप उडतो. नवऱ्याचं मत अजूनही वेगळं आहे. खोली कुठली हे मात्र महत्त्वाचं: जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर. तिथे डोलणं सगळ्यात कमी. बोट लागत असेल तर गोळीबद्दल डॉक्टरांना घरूनच विचारून ठेवा, आणि ती मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यायची. सोबत आलेपाक.

शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर कंपनीला दीड-दोन महिने आधी लेखी कळवा. पहिल्या रात्री जेवणघराच्या मुख्य वाढप्याला स्वतः भेटा. तो उद्याचा मेनू आजच दाखवतो आणि तुमच्यासाठी काय करायचं ते लिहून घेतो. आम्हाला चौथ्या दिवसापासून न सांगता वरण-भात यायला लागला. घरची केटल, इस्त्री नेऊ नका, काढून घेतात. 'फॉर्मल नाइट'ला काठापदराची साडी आणि नेहरू जाकीट झकास चालतं. बायका थांबवून पैठणीचा पोत विचारतात.

बोट सुटली की मोबाइल फ्लाइट मोडवर. समुद्रातलं जहाजाचं नेटवर्क आपोआप पकडलं जातं आणि बिल घरी आल्यावर कळतं. बोटीवरचा सगळा खर्च कार्डाला जोडलेला असतो. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या. फॉरेक्स कार्डावर रक्कम अडकवून ठेवली की ती सुटायला दिवस लागतात.

बंदरांवर उतरताना एकच घड्याळ बघायचं, जहाजाचं. परत चढायची शेवटची वेळ दारात लिहिलेली असते. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, तुम्ही स्वतः ठरवलेल्या टॅक्सीला झाला तर थांबत नाही. म्हणून दूरच्या जागा, जसं टाउरांगाहून रोटोरुआ, कंपनीच्या बसने. जवळच्या स्वतः. नेपियर पायी फिरा: ३ फेब्रुवारी १९३१ च्या भूकंपात गाव पडलं आणि एकाच काळात, एकाच आर्ट डेको शैलीत पुन्हा उभं राहिलं, चर्चगेटजवळच्या जुन्या इमारती आठवतात. डनेडिनचं बंदर म्हणजे पोर्ट चामर्स, गावापासून बारा-तेरा किलोमीटर, शटल बस असते. त्या खाडीत शिरताना मात्र नाश्ता सोडून डेकवर या. टायारोआ हेडच्या टोकावर रॉयल अल्बॅट्रॉसची वसाहत आहे आणि तीन मीटर पंखांचे ते पक्षी बोटीच्या बाजूने तरंगत येतात. अकारोआसारख्या ठिकाणी धक्का नाही, छोट्या टेंडर बोटीने उतरवतात. तिथे पहिल्या तासाची गर्दी जाऊ द्या. आणि कुठल्याही बंदरात बोटीवरचं केळं खिशात टाकून उतरू नका. खाली कुत्रा बसलेला असतो.

बंदरं नसलेल्या दिवसांबद्दल जोडप्यांना एक सांगते. बारा दिवस एका डब्यात एकमेकांशिवाय दुसरं माणूस नव्हतं. बोटीवर आम्ही सकाळ वेगवेगळी काढायचो. तो पत्ते खेळायला, मी वाचनालयात. दुपारच्या चहाला भेटायचो तेव्हा दोघांकडे सांगायला काहीतरी असायचं.

फियोर्डलँडच्या दिवशी पहाटे उठा. जहाज मिलफर्डमध्ये शिरतं, आत वळतं आणि बाहेर पडतं, कुणाला उतरवत नाही. वळत असल्याने दोन्ही बाजूंना सगळं दिसतं, डावी खोली की उजवी यावर पैसे घालू नका. टोपी, मफलर, जाड जाकीट, आणि पुढचा डेक. दोनेक आठवड्यांपूर्वी ज्या धक्क्यावर बसमधून उतरून आम्ही वर कड्यांकडे बघत होतो, तो आता वरून काडेपेटीएवढा दिसत होता. हवा बिघडली तर कॅप्टन हा टप्पा रद्दही करतो. त्याचे पैसे मिळत नाहीत.

त्यानंतर दोन दिवस नुसता टास्मन समुद्र. न्यूझीलंड आणि सिडनीच्या घड्याळात दोन तासांचा फरक, त्यामुळे दोन रात्री एकेक तास जास्त झोप मिळते. शेवटच्या रात्री बॅगांना रंगीत चिठ्ठ्या लावून दाराबाहेर ठेवायच्या. उद्या घालायचे कपडे आणि चपला बाहेर काढल्यात ना ते बघा. आमच्या शेजारचे आजोबा सिडनीत हॉटेलच्या सपातांनी उतरले.

सिडनीला तुमची बोट सर्क्युलर की ला लागणार की व्हाइट बेला, हे तिकिटावर बघून ठेवा. हार्बर ब्रिजखाली ४९ मीटरच मोकळी जागा आहे, त्यामुळे मोठ्या बोटी पुलाच्या अलीकडेच, ऑपेरा हाउससमोर सर्क्युलर की ला थांबतात. तिथून विमानतळाला थेट ट्रेन आहे, अर्ध्या तासाच्या आत पोचते. तरी दुपारी एकच्या आतलं विमान घेऊ नका, धुकं पडलं की बोट उशिरा लागते. पहाटे पाचला डेकवर जा, डावीकडच्या कठड्याशी. तिथे जागा मिळते आणि कॉफीची गाडी शेजारीच असते.